सिमेंट वाळेपर्यंत

आमचे हे सुतार. चाळीस वर्षं लोकांच्या खुर्च्यांचे पाय सरळ केले आणि स्वतःचा गुडघा पार कामातून घालवला. तो बदलायचं ठरलं तेव्हा यांची एकच अट, मला पूर्ण झोपवा. भीतीपोटी नव्हे हो. दुसऱ्याने चालवलेली करवत यांना ऐकवत नाही.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी फाइल चाळली. दोन वर्षांपूर्वी यांच्या पोटरीत रक्ताची गाठ झाली होती. तेव्हापासून पाय जरा सुजला की मी रात्री उठून यांची पोटरी चाचपते. बाई म्हणाल्या, कमरेत सुई देऊन खालचंच अंग बधिर करू, त्यात गाठीचा धोका थोडा कमी दिसतो. पण अजिबात जात नाही, म्हणून बधिरपणा उतरला की पाऊल हलवत राहायचं. मी यांना विचारलंसुद्धा नाही. कमरेतच द्या म्हटलं.

झालं. माणूस जागा आणि तोंड मोकळं. पडद्याआड ठोके पडायला लागले तसे हे डॉक्टरांना हातोडी कुठे धरायची ते सांगायला लागले. डॉक्टर भला माणूस, हो हो करत राहिला. सिस्टरने हे सांगितलं तेव्हा मीही पोट धरून हसले.

संध्याकाळी पायात जीव आला. सिस्टर म्हणाली, आजोबा, पाऊल वरखाली करा. हे ढिम्म. व्यायाम शिकवणारा आला, त्याच्याकडे यांनी ढुंकून पाहिलं नाही. सगळे गेल्यावर मला जवळ बोलावून हळूच कारण सांगितलं. आत सिमेंट लावलंय, यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. ताजा सांधा कोणी हलवतं का? आपण सरस लावला की चोवीस तास आवळून ठेवतो, आणि ही कालची पोरं लगेच हलवा म्हणतात.

मी कपाळावर हात मारला आणि डॉक्टरांना धरून आणलं. ते म्हणाले, आजोबा, ते सिमेंट पाव तासात धरतं, मी टाके घालायच्या आधीच पक्कं झालं होतं. हे गालातल्या गालात हसले. पाव तासात धरणारा माल यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. डॉक्टरांची पाठ वळताच म्हणाले, उद्या याच वेळेला हलवतो, तू घाई करू नकोस.

माझं डोकंच फिरलं. स्वतः बसून, हलवून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाला कधी खुर्ची दिलीत का, असं विचारलं. तर म्हणे, नाही दिली, पण चोवीस तासांनंतर. या माणसाशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय! भांडायचं म्हणून मी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"अहो, चुलीत गेला तुमचा सांधा. पुन्हा गाठ होऊन ती छातीत गेली, तर तो पक्का सांधा घेऊन मी काय करू?"

आणि मी रडले. सगळ्या वॉर्डासमोर, पदर तोंडाला लावून. यांच्यादेखत मी कधी रडत नाही, कांदा चिरतानासुद्धा नाही.

मग चादरीचं टोक हललं. एकदा पाऊल वर, एकदा खाली. मान वाकडी करून यांनी कान दिला. काहीच करकरलं नाही. पुन्हा वर, पुन्हा खाली.

"रडू नकोस," हे म्हणाले. "सिमेंट भिजेल."

पाऊल मात्र थांबवलं नाही.