हंबीरची फाहिता

"आई, आज तू नुसतं बसायचं. सगळं मी करणार," असं हंबीर म्हणाला, तेव्हाच बनुबाईनं पदर खोचला. पुरुषमाणूस स्वयंपाक करतो म्हणाला की बाईचं काम दुप्पट होतं, एवढं तीस वर्षांच्या संसारानं तिला शिकवलं होतं.

हंबीर तिचा एकुलता एक. टेक्सासला शेतीचं शिकायला गेला त्याला तीन वर्षं झाली. महिन्याच्या सुट्टीवर आष्ट्याला आला होता आणि उद्या सकाळी परत निघणार होता. त्या महिन्यात भावकीतलं घरटी एक तरी माणूस त्याला बघायला आलं आणि जेवून गेलं. बनुबाईची कंबर कधीच गेली होती, पाय आपले सवयीनं चालत होते. त्यात आज ही फाहिता!

फाहिता म्हणजे काय, तर मटणाच्या लांबलांब पट्ट्या, ढबू मिरची आणि उभा चिरलेला कांदा तापल्या तव्यावर परतायचा, वर लिंबू पिळायचं आणि चपातीत गुंडाळून खायचं. हंबीरच्या खोलीत राहणाऱ्या मेक्सिकोच्या पोरानं त्याला ती शिकवली होती. "मेक्सिकोचा गहू रानात आला, आता तितली भाजी चुलीवर आली. सून तेवढी हितलीच बघायची बरं का," असं आप्पासो म्हणाले. आप्पासो म्हणजे हंबीरचे वडील, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांची चेष्टासुद्धा हुकमासारखी ऐकू यायची.

मटण घरातल्या चुलीवर चढत नसे, परड्यातल्या दगडांच्या चुलीवर व्हायचं आणि त्याची भांडीही निराळी. दस्तगीर मुलाणी सकाळीच बोकड कापायला आला. बनुबाई जवळच विळीवर कांदा चिरत होती. हंबीरनं त्याला हातानं माप दाखवलं. "बरगडीखालची सबंध पट्टी काढायची, चाचा. एवढी. हातभर लांब, बोटभर जाड."

दस्तगीर हसला. "आवं, बोकडाला एवढी पट्टी कुठली? त्ये तर मोठ्या जनावराच्या..."

तो मध्येच थांबला. हंबीर जमिनीकडे बघत होता. दस्तगीरनं एकदा बनुबाईकडे पाहिलं आणि सुरी पुसत हळूच म्हणाला, "मांडीतनं काढून देतो. बसंल तेवढं बसवू."

बनुबाईच्या हातातला कांदा तसाच राहिला. मोठं जनावर म्हणजे काय, हे कुणी तिला सांगायला नको होतं. पोरानं गाईबैलाचं मटण खाल्लं होतं, आणि एकदा नव्हे, तर हाताला माप बसेपर्यंत खाल्लं होतं. आप्पासोंचा मावसभाऊ मुंबईत असलंच काही खाऊन आला, तर आप्पासोंनी त्याच्या घरचं पाणी तोडलं ते तोडलंच. त्याच्या मयतीलाही ते गेले नव्हते. आज त्यांना कळलं, तर उद्या पोरगा ह्या दारातनं जाईल आणि पुन्हा यायचा नाही.

तिला राग आला. पण रागावायलाही अंगात जोर लागतो, तो तिच्याकडे उरला नव्हता. तिला त्याची पहिल्या वर्षाची पत्रं आठवली. 'जेवणाची सोय चांगली आहे,' एवढं एकच वाक्य प्रत्येक पत्रात. सोय चांगली असती, तर कुणी दर वेळी लिहितं का? किती उपाशी राहिलं असेल लेकरू, आणि मग समोर आलं ते खाल्लं असेल. तिनं कांदा चिरायला घेतला. आता डोळ्यांतून पाणी आलं तरी कुणी विचारणार नव्हतं.

पुढं तिला वाटलं होतं तसंच झालं. कणीक तिनं मळली, जाळ तिनं घातला, लसूण-जिरं तिनं वाटलं. हंबीरनं उलथनं धरलं. "आदी शिजवून घिऊ का? बोकडाचं तव्यावर हुईत न्हाई," असं तिनं विचारलं, तर म्हणाला, "होतं आई, दोन मिनिटांत होतं." नाहीच झालं. मिरची करपली, कांदा गळला आणि मटण तसंच राहिलं.

दुपारी पान वाढलं. आप्पासोंनी पहिली गुंडाळी तोंडात घातली आणि बराच वेळ चावत बसले.

"लेका, दात हलीवलंस की. तितं बी आसंच चिवट आसतंय?"

"नाही, आप्पा. तिथं मऊ असतं."

"मग तितं कशाचं मटण घालत्यात?"

हंबीरच्या हातातला घास हातातच राहिला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं, लहानपणापासून नव्हतं. आप्पासोंनी चावायचं थांबवून त्याच्याकडे पाहिलं.

"आवं, बोकडाचंच की," बनुबाई चपाती वाढत म्हणाली. "तितल्या बोकडास्नी हिरवा चारा आसतोय. आपल्या बोकडानं जलमभर काट्या खाल्ल्या, त्ये मऊ कुठनं हुईल? खावा गुमान, पोरानं हौसंनं केलंय."

आप्पासो हसले आणि पुन्हा चावू लागले. हंबीरनं मान वर केली नाही. तीस वर्षांत बनुबाई नवऱ्याशी पहिल्यांदा खोटं बोलली होती आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही. नुसतं आडवं व्हावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पासो गाडीत जागा धरायला स्टँडवर गेले. हंबीर अंघोळ करून, कपडे करून देवघराच्या उंबऱ्याबाहेर उभा होता. गावाला निघताना जोतिबाचा अंगारा लावून निघायचं, ही घराची रीत. पण महिनाभर तो असाच बाहेरून हात जोडत होता. तिकडं राहून पोराला देवाची लाज वाटायला लागली, असं तिला वाटलं होतं. आता खरं काय ते कळलं.

"आई, अंगारा तू आणून लाव," तो म्हणाला.

ती भिंतीला टेकून बसली होती. "तू जा की आत."

"मी नको. आई, मी तिथं..."

"म्या काय इचारलं का तुला?"

तो उंबऱ्याशीच घुटमळला.

"आंगूळ केलीस न्हवं? माझ्यानं आता उठवत न्हाई, बाबा. लय दमलीया. आत जा, दिवा लाव, अंगारा लावून घे." तिनं डोळे मिटले. "आन् तुझ्या हातानं मला बी लाव."