डाव्या पायांचा पाणक्या

मी एक जुना पाणक्या आहे आणि माझे दोन्ही पाय डावे आहेत. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण नीट पाहिलं तर ते दिसतंच आणि मग लोक हसत बसतात. मोबाइलवरच्या एका पत्त्यांच्या खेळातलं मी एक पान. मला कागद नाही, शाई नाही, हातात धरता येईल असं काहीच नाही. ज्या चित्रकाराने मला काढलं त्याला त्या दिवशी एक मोठा सोनेरी राक्षस पूर्ण करायचा होता. राक्षसाच्या दाढीचा केस न् केस त्याने रंगवला आणि घरी निघता निघता मला उरकलं. खांद्यावर कावड, दोन घागरी, वाकलेली पाठ आणि खाली दोन डावे पाय. कुणी तपासलं नाही. साध्या पानाला कोण तपासतं?

आमच्या खेळात दोन पंथ आहेत. वाऱ्याची पानं हलकी आणि चपळ. ती भराभर घाव घालतात, पण फुंकर मारली तरी मरतात. खडकाची पानं जाडजूड. ती उशिरा येतात, पण आली की हलत नाहीत. शहाणे खेळाडू एकच पंथ धरतात आणि त्याचाच डेक बांधतात. डेक म्हणजे खेळायला निवडलेल्या पानांची गड्डी. मला मात्र दोन्ही पंथांत ठेवलेलं आहे. ऐकायला हा मान वाटतो. प्रत्यक्षात वाऱ्याला मी संथ पडतो आणि खडकाला किरकोळ. धोब्याचा कुत्रा, ना घरचा ना घाटचा.

खेळ सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मी फुकट मिळतो, आणि फुकट मिळालेल्या वस्तूचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. खेळात एक बटण आहे. ते दाबलं की पान मोडतं, त्याची भुकटी होते, आणि पुरेशी भुकटी साठली की तिच्यातून सोनेरी पान घडवता येतं. माझे कितीतरी भाऊ असे राक्षसाच्या दाढीत गेले. मोडताना खळ्ळ असा आवाज येतो. तो म्हणे ऐकायला बरा वाटतो.

मी जिच्या वाट्याला आलो ती बाई दातांच्या कवळ्या बनवायची. गल्लीत सगळे तिला कवळीताई म्हणत. खोली एवढीशी. खिडकीशी ओटा, ओट्यावर गुलाबी मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा, पॉलिशचं चाक, आणि भिंतीवरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने आ वासून बसलेले. दवाखान्यातून आलेल्या ठशात प्लास्टर ओतलं की ते घट्ट होईपर्यंत तिचे हात रिकामे. तेवढ्यात ती एखादा डाव खेळायची आणि बहुतेक वेळा हरायची.

हा खेळ तिच्या मोबाइलवर घातला होता तिच्या थोरल्या भावाने. दादा भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचा. आवाज असा, की पहिल्या गाळ्यात तो बोलला की शेवटच्या गाळ्यातल्या माणसाने भाव वाढवावा. बाजार त्याला भोंगा म्हणायचा आणि त्याला ते आवडायचं. त्याचा डेक खडकाचा, सगळा सोनेरी, वर्षानुवर्षं खेळून जमवलेला. त्याच्याकडचे पाणके त्याने कधीच मोडून टाकले होते. ताईची पानं पाहून तो खो खो हसला.

"हे काय गं? थोडा वारा, थोडा खडक! एक ना धड, भाराभर चिंध्या. मोड की ती फालतू पानं."

"असू दे रे. खायला थोडीच मागतात?" ताई म्हणाली.

तो तिचा स्वभावच. संचातून उरलेला सुटा दातसुद्धा ती डबीत जपून ठेवायची. तसा मीही तिच्या पानांच्या तळाशी पडून राहिलो. दुर्लक्षाची सवय होते. आमच्यावर तर धूळही बसत नाही, तेवढीही सोबत नाही.

मग एके दिवशी दादा बाजारातच कोसळला. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. शब्द मात्र ओठांपर्यंत येऊन परत फिरायचे. भेटायला येणारे लोक त्याच्याशी मोठमोठ्याने बोलायचे, जणू तो बहिरा झालाय. हळूहळू तेही यायचे थांबले.

बोलणं शिकवायला एक बाई यायच्या. त्यांच्याकडेही पानं होती, जाड पुठ्ठ्याची. किल्ली, खुर्ची, पाण्याचा पेला. पेला दाखवून त्या म्हणायच्या, "यात काय आहे? पा... म्हणा बरं, पा..." दादा भिंतीकडे तोंड फिरवायचा. भरल्या बाजाराला गप्प करणाऱ्या माणसाला पेल्यात काय आहे ते विचारलेलं सोसत नव्हतं. जाताना बाई दादाच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, दारात म्हणाल्या, "हे सुरुवातीचे महिने मोलाचे असतात. त्यांना स्वतःहून काही बोलावंसं वाटलं पाहिजे. नाहीतर जे अडलंय ते कायमचं अडून राहील."

हे ताईने ऐकलं. मीही ऐकलं, मोबाइल तिच्या हातातच होता.

दादा डाव्या हाताने एकच गोष्ट आपणहून करायचा, ती म्हणजे मोबाइल धरायचा. म्हणून ताई काम उरकून त्याच्या पलंगाशी स्टूल ओढून बसली आणि तिने त्याला खेळायचं आमंत्रण पाठवलं. नेमकी त्या डावात तिला चांगली पानं आली. दादाचे खडक अजून आलेच नव्हते. ती सहज जिंकली असती. पण आजारी माणसाला काय हरवायचं, म्हणून तिने मुद्दाम भलतीच पानं टाकली, हरली, आणि वर खेळातलं एक तयार वाक्य दाबलं, 'वा! काय सुंदर खेळलात!'

दादाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मोबाइल पालथा घातला. दुसऱ्या दिवशी त्याने आमंत्रण घेतलं नाही. त्यानंतरही नाही.

वहिनीने तिला स्वयंपाकघरात गाठलं. "अगं, मुके झालेत ते. खुळे नाही झाले."

"मला वाटलं, जिंकला की बरं वाटेल त्याला."

"जन्मभर भाव पुकारलेत त्यांनी. खोटा भाव त्यांना कळत नाही होय?"

ताईला ते फार लागलं. भावाचं उरलंसुरलं बोलणं, जे त्या खेळात होतं, तेही आपण बंद केलं असं तिला वाटलं. ते परत सुरू करायचं तर एकच वाट होती. त्याला खरोखर हरवायचं.

चांगली पानं विकत घेता आली असती. पण मग दादाला वाटलं असतं, दुकानाने हरवलं, हिने नाही. शिवाय अंथरूण पाहून पाय पसरायची तिची रीत. तेव्हा आहे त्यातूनच डेक बांधायचा असं तिने ठरवलं आणि कवळीच्या कामासारखीच सुरुवात केली. कवळी नीट बसते का हे पाहायला ती निळा कागद मध्ये घालून जबडे मिटायची. जिथे उंच लागतं तिथे निळा डाग उठतो. मग तेवढंच घासायचं. दादाचा खेळ तिने तसा आठवून पाहिला तेव्हा एक डाग स्पष्ट उठला. दादाकडे 'दरड' नावाचं सोनेरी पान होतं. ते कोसळलं की समोरची सगळी पानं एका दणक्यात मरायची. पण तो ते घाईने टाकायचा नाही. समोर पानं साचू द्यायचा, लिलावाच्या शेवटच्या पुकारासारखी बोटाने एक, दोन, तीन अशी टकटक करायचा आणि मगच टाकायचा. त्यानंतर त्याच्या हातात फारसं काही नसायचं. म्हणजे दरडीनंतर ज्याचं काही उरेल, तो जिंकेल.

पण उरणार काय? ताईने दात तपासायचं भिंग घेतलं आणि आपली सगळी पानं वाचली, अगदी तळापर्यंत. माझ्या चित्राखाली बारीक अक्षरांत एक ओळ आहे. 'पाणक्या मेला की घागरी फुटतात. डाव्या-उजव्या पानात एकेक जीव उरतो.' इतक्या वर्षांत ती ओळ शेवटपर्यंत वाचणारी ती पहिलीच. मग तिचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. ती हसली, पण तिने मला बाजूला काढून ठेवलं. मला बरं वाटलं. पानालाही बरं वाटू शकतं हे मला तेव्हा समजलं.

डेक दोन्ही पंथांचा झाला. पुढे वाऱ्याच्या पाकोळ्या, मध्ये मी आणि माझे दोन भाऊ असे तिघे पाणके, आणि मागे खडकाचे थोडे साधे बुरूज, पाकोळ्यांना दम खायला वेळ मिळावा म्हणून. सुरुवातीला आम्ही सपाटून मार खाल्ला. बुरूज जास्त झाले की पाकोळ्या हातात येईनात. पाकोळ्या वाढवल्या की निम्म्या डावातच हात रिकामे. अनोळखी लोक जिंकायचे आणि 'वा! काय सुंदर खेळलात!' असं दाबायचे. ते वाक्य किती बोचतं हे ताईला चांगलंच उमगलं. ती एक पान काढायची, दुसरं घालायची आणि पुन्हा हरायची. प्लास्टर घट्ट होऊन तिची वाट पाहत बसायचं. हळूहळू हार-जीत बरोबरीला आली. त्याहून जास्त आमच्याच्याने होणार नव्हतं. तिने डेकला नाव दिलं, 'चिंध्या'.

मग ती दादाच्या पलंगाशी जाऊन बसली. "दादा, या वेळी खरं खेळणार. सोडणार नाही."

दादा भिंतीकडेच पाहत होता. मोबाइल वाजला, तेव्हा त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. आमंत्रणाशेजारी डेकचं नाव दिसतं. त्याची भुवई वर गेली. डाव्या अंगठ्याने त्याने होकार दाबला.

पाकोळ्यांनी आल्या आल्या त्याला बेजार केलं. मग त्याचे खडक आले आणि आमचे बुरूज ढासळू लागले. तेवढ्यात ताईने मला दोन पाकोळ्यांच्या मधोमध ठेवलं. टेबल भरलेलं पाहून दादाचं डावं बोट पलंगाच्या कडेवर वाजलं. एक. दोन. तीन. दरड कोसळली आणि मी मेलो. ते रोजचंच आहे, वाईट वाटून घेऊ नका. मेलेली पानं कडेला ढिगात पडतात, तिथून सगळं दिसतं. माझ्या घागरी फुटल्या. टेबल रिकामं व्हायला हवं होतं, पण दोन पाकोळ्या तिथेच फडफडत होत्या. ताईने दया दाखवली नाही. दोन घाव बसले आणि डाव संपला. या वेळी तिने कुठलंही तयार वाक्य दाबलं नाही.

दादा बघतच राहिला. त्याने ढिगातून मला शोधलं, माझं चित्र मोठं केलं आणि खालची ओळ ओठ हलवत वाचली. त्याचे कान लाल झाले. त्याने ताईकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

"चि... चिं..."

वहिनी धुतलेले कपडे घेऊन दारात थबकली. शब्द ताईच्या जिभेवर होता, पण तिने तो पुरवला नाही.

"चिंध्या!" दादा ओरडला.

तो भोंग्याचा आवाज नव्हता. फाटका, घोगरा होता. पण दादा भडकला होता आणि त्याला म्हणायचा होता तोच शब्द बाहेर आला होता. वहिनी कपड्यांत तोंड खुपसून रडू लागली.

"हो, चिंध्याच. भाराभर," ताई म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. "आहे का हिंमत अजून एका डावाची?"

पुढचं आमंत्रण दादाने पाठवलं. तो डाव तो जिंकलाही. त्याने आधी माझ्या शेजारच्या दोन्ही जागा रिकाम्या केल्या आणि मग दरड टाकली.

एका शब्दाने कुणी बरं होत नाही. पण दादा आता बोलायच्या खटपटीला लागला. बाईंनी पुठ्ठ्याची पानं पिशवीत ठेवली आणि कुठलं पान टाकणार ते त्याच्याकडून वदवून घेऊ लागल्या. दहा वेळा शब्द अडायचा, एकदा सुटायचा. माझं काम मात्र संपलं होतं. युक्ती एकदा कळली की दादासमोर माझं काय चालणार? ताईला नवा डेक बांधायचा होता आणि सोनेरी पानाला थोडी भुकटी कमी पडत होती. गरज सरो, वैद्य मरो. जगाची रीतच आहे, मी मनाला लावून घेतलं नाही.

"या तिघा पाणक्यांना मोडलं की वादळ घडवता येतं," स्टुलावर बसून ती म्हणाली. "मग बघ तुझी कशी जिरवते."

तिचं बोट बटणाकडे आलं. आता तो खळ्ळ आवाज आपल्यालाही ऐकू येणार, असं माझ्या मनात आलं. इतक्यात अंधार झाला. दादाने डावा पंजा काचेवर टाकला होता.

"न... नको."

"का रे? फालतू पानं मोड म्हणून तूच मागे लागायचास ना?"

दादाने पंजा बाजूला केला आणि माझ्यावर बोट ठेवलं. त्याच्या कपाळावर घाम आला. ताई थांबली. प्लास्टर घट्ट व्हायची वाट पाहावी, तशी घाई न करता थांबली.

"पाणी," दादा म्हणाला. मग त्याने मोठा श्वास घेतला. "पाणी... लागतं."

पुठ्ठ्याच्या पेल्यापुढे जो शब्द त्याने कधी काढला नव्हता, तो त्याने माझ्यासाठी काढला. दुखण्यानंतरचं त्याचं ते पहिलं वाक्य. ताईने मोबाइल बंद करून पदराने काच पुसली.

मित्रांनो, मी अजून आहे. कधीतरी डावात येतो, बहुतेक वेळा मरतो. सोनेरी पानं तुम्ही जरूर मिळवा, त्यांच्या दाढ्या खरंच सुरेख असतात. फक्त ते बटण दाबण्याआधी पानाखालची बारीक अक्षरं एकदा शेवटपर्यंत वाचा. पायांकडे नाही पाहिलं तरी चालेल.