पडणारा घोडेस्वार

"यंदा मी पडूचंय नाय," मी म्हटलं, तसा दत्तप्रसाद लिहिता लिहिता थांबला.

"मगे कोण पडतलो, काका? तुमी पडल्याशिवाय लढाई संपतली कशी?"

"वाडीतलो खंयचोय झील घे नि दी ढकलून."

तो काही हसला नाही. किल्ल्यासमोरच्या वाळूत आम्ही दरवर्षी जुनी घोड्यांची लढाई करून दाखवतो, तिचा हा म्होरक्या. घाटावरचे स्वार उंच उंच घोडे घेऊन येतात. इथला घोडेवाला मी एकटा. माझी शेवंती एरवी पर्यटकांची पोरं फिरवते. त्या दिवशी मात्र ती लढाईची घोडी, आणि मी मरणारा मावळा. अकरा वर्षं तोच. तुतारी झाली की सुटायचं, पन्नासेक पावलांवर छातीवर हात मारून पडायचं. पडणं सोपं नाही बरं. आधी खांदा, मग पाठ, डोकं सांभाळून. छातीला रक्त म्हणून कोकमाचं आगळ फासलेलं. शेवंती जागच्या जागी थांबते आणि ते आगळ चाटत बसते. खारट-आंबट, तिच्या भारी आवडीचं. बघणाऱ्या बाया डोळे पुसतात, मुकं जनावर धन्यासाठी रडतंय म्हणून! दुसरी तुतारी वाजेस्तोवर मेलेल्याने उठायचं नाही, हा आमचा नियम.

"माका खुंटी उचलूची आसा," मी म्हटलं.

लढाईआधी ती स्पर्धा असते. वाळूत लाकडी खुंटी रोवतात, ती भरधाव घोड्यावरून भाल्याच्या टोकाने उचलायची.

"काका, घोडी म्हातारी झाली."

"म्हणानच रे. उजवो डोळो गेलो, डावो जायत इलो. फुडच्या वर्साक ती धावाची नाय. अकरा वर्सां मी अर्ध्यातच पडलंय. एकदा तरी तिच्यार बसान शेवटापर्यंत जाऊ दी माका."

दत्तप्रसादाने नाव लिहून घेतलं.

घरी बायकोने, कृष्णाबाईने, नवा पांढरा अंगरखा शिवला. जुना गुलाबी होऊन गेला होता. मासळीची पाटी उचलता उचलता ती म्हणाली, "ह्याच्यार डाग पडाक नये हां. दरवर्साक माझा आगळ फुकट जाता."

"नि पडलंय तर?"

"पडा. पण शेवंतीक लागाक देऊ नकात."

महिनाभर पहाटेच्या ओहोटीला मी नि शेवंती धावलो. पाणी मागे सरलं की ओल्या वाळूत आभाळ उतरतं. ती त्या आभाळावरूनच पळायची. फारसं दिसत नव्हतं तिला, पण डाव्या कानाशी समुद्राची गाज धरून सरळ जायची. कधी कधी वाटायचं, खाली जमीन नाहीच, नुसते आम्ही आहोत आणि तिचा श्वास. दहात सात खुंट्या उचलायला लागलो होतो.

स्पर्धेच्या दिवशी लोक नुसते माडांवर चढायचे बाकी होते. घाटावरचा एक स्वार म्हणाला, "मामा, ही घोडी का बकरी?" मी म्हटलं, "बकरीच रे बाबा, पण हिचा दूध तुका झेपाचा नाय!"

मग तुतारी झाली.

शेवंती सुटली ती अशी, की मला ती दहा वर्षांची वाटली. वारा, गाज, खुरांचा आवाज, सगळं एक झालं. समोर खुंटी दिसत होती. मी भाला खाली नेला, वाकलो. आणि तेव्हा डोक्यात लख्ख पडलं की महिनाभर सराव केला तो तुतारीशिवाय.

पन्नासेक पावलं झाली होती. शेवंती थांबली.

मी गेलो पुढे. आधी खांदा, मग पाठ, डोकं सांभाळून. भाला लांब पडला. खुंटी दोन हातांवर, जिथल्या तिथे.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, ठरलेलंच आहे.

शेवंती हुंगत हुंगत आली. तोंड छातीवर ठेवलं आणि चाटायला लागली. कोरडा, नवा कपडा. पुन्हा चाटलं, मग बाजूला, मग गळ्यापाशी. कुठेच काही नाही, तरी शोधत राहिली.

"आज नाय गो," मी म्हटलं. "आज आगळ हाडलंयच नाय."

दत्तप्रसाद धावत आला. "काका, लागला काय? उठा, हात देतंय."

"दुसरी तुतारी झाली?"

त्याने मागे वळून बघितलं. तुतारीवाल्याने तुतारी तोंडाला लावली होती, त्याला दत्तप्रसादाने हात वर करून थांबवलं.

मी डोळे मिटून घेतले.