तोफेच्या तोंडात बोळा

ज्याने जन्मात कुणाचं ऐकून घेतलं नाही तो माणूस आज आ वासून खुर्चीत आडवा पडला होता, आणि दाताच्या डॉक्टरला मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या. लेखकमहाशयांना अख्खं गाव तोफ म्हणायचं. सरकार असो, देव असो की स्वतःचा प्रकाशक, तोफेने कुणाची भीडभाड ठेवली नव्हती. संध्याकाळी भाषण, आणि नेमकी सकाळपासून दाढ ठणकायला लागली, म्हणून स्वारी इथे अवतरली होती. देवाला न भिणारा गडी, पण इंजेक्शन पाहिलं आणि गोगलगाय झाला.

डॉक्टरने त्याच्या गालात कापसाचे बोळे कोंबले. खुर्चीच्या पलीकडे डॉक्टरची बायको थुंकी ओढायची नळी धरून उभी होती. दवाखाना दोघांचा, तो दाढा कोरायचा, ती नळी धरायची. इतक्या वर्षांत ती समोर असते हेच तो विसरून गेला होता.

तोंड भरलेल्या माणसाशी गप्पा हाणायची खोड दाताच्या डॉक्टरांना असतेच. आज तर याचा बांधच फुटला.

"कॉलेजात तुमचं भाषण ऐकलं मी. बापाला विचारून लग्न करतो तो नवरा नव्हे, नोकर, म्हणालात. काय टाळ्या पडल्या होत्या! मी त्याच आठवड्यात बापाला न विचारता लग्न केलं."

"आँ," तोफ म्हणाली.

"बाप मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. आणि तुम्ही? पोराचं लग्न ठरवायला स्वतः मिरवत गेलात. तुमची सगळी पुस्तकं मी माळ्यावर फेकली. मग खाली काढली. लिहिता झकास, तिथे माझा इलाज चालत नाही."

दाढ भरून झाली. डॉक्टरने बोळे काढले आणि सरळ विचारलं, "आता खरं सांगा. मी केलं ते बरोबर केलं का?"

तोफ बधिर जिभेने बोबडं बोलली, "अहो, भाषण होतं ते. लोक टाळ्या वाजवतात नि घरी जातात. तुम्ही खरंच लग्न करून बसलात?" मग तोफेची नजर पलीकडे उभ्या बायकोकडे गेली. "यांच्याशीच का?"

डॉक्टरनेही मान वर करून तिकडे पाहिलं.

बायकोने नळी बंद केली. पेशंटसमोर ती त्याला नेहमी डॉक्टर म्हणायची.

"माझे वडीलही बोलायचे थांबले," ती म्हणाली, "तू विसरलास. आणि मी काही यांचं भाषण ऐकून आले नव्हते. तुला बघून आले होते. बरोबर केलं का, ते मला विचार ना."

डॉक्टरने विचारलं नाही. ती काय सांगेल, याची त्याला भीती वाटली.