बिननांगरी एकर

तातेरावांच्या पेरणीचं तास पाहायला पूर्वी शेजारच्या गावांतून माणसं येत. तिफण त्यांच्या हातात आली की दोरी लावल्यासारखी रेघ उमटायची. भोकरदनच्या बाजारात कोणी ओळख विचारली तर ते नाव सांगत नसत, "सरळ तासवाला" एवढंच म्हणत, आणि तेवढ्यात ओळख पटायची.

अशा माणसाच्या नशिबी एका वर्षी रेघच नसलेलं रान आलं.

ते रान त्यांच्या बायकोचं, कौसल्याबाईंचं. माहेर गावातलंच, आईने जाताना लेकीला चोळीबांगडीसाठी म्हणून एक एकर दिलेलं. शेजारी त्यांचे धाकटे भाऊ अण्णासाहेब, मधे फक्त बांध. उन्हाळ्यात एका दुपारी त्या बांधावरच्या बोरीखाली भाकर खाऊन झाली आणि कौसल्याबाई म्हणाल्या, "ह्या बांधाला कोण नांगरतं ओ?"

"बांधाला कोण नांगरंल? येडी झाली का?"

"खत कोण टाकतं? फवारा कोण मारतं?"

"कोणीच न्हाई."

"मंग बोरीखाली बोट घालून पाहा. माती गार हाये. आन आपण एवढं राबून आपलं रान तव्यावानी तापलेलं."

तातेराव तंबाखू मळायला लागले.

त्या वर्षी कौसल्याबाईंनी आपल्या एकरात नांगर घालू दिला नाही. वखर नाही, खुरपं नाही. कपाशीच्या पऱ्हाट्या तोडून तिथेच अंथरल्या, त्यावर सोयाबीनचं भुसकट पसरलं. ओल झाल्यावर काठीने भोकं पाडून दोन-दोन दाणे टाकले, तूर, मूग, चवळी, अंबाडी, जिथे हात पोचला तिथे. तरोट्याचं तण फार माजलं तर पायाने आडवं करायचं, उपटायचं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात स्वतःच्या मनाने केलेली त्यांची ही पहिली शेती.

अण्णासाहेब ट्रॅक्टरवरून आले, बांधावर थांबले आणि पोट धरून हसले. "दाजी, हे रान हाये का कोंबड्यांनी इस्कटलेला उकिरडा? तुमची ती रेघ कुठं गेली?"

"तुझ्या बहिणीला इचार."

"आक्का, पोळ्यापर्यंत पाहू. वाळलं तर माझा रोटाव्हेटर आत घालायचा आन ह्यापुढं नाव काढायचं न्हाई."

"आन न्हाई वाळलं तर?"

"तर माझा बांधालगतचा एक एकर पुढच्या साली तू म्हणशील तसा पेरायचा. शब्द हाये. पण एक सांगतो, मधी कोणाचं हत्यार आत गेलं तर तू हारली." हे बोलताना अण्णासाहेब बहिणीकडे नव्हे, दाजींकडे पाहत होते.

श्रावणात पावसाने दडी मारली. आठ दिवस झाले, बारा झाले. कौसल्याबाई निवांत, पण तातेराव दिवसातून दोनदा बांधावर चक्कर मारून येत. तण उभं आहे, ते पाणी पिऊन राहिलंय, आणि ही बाई हातावर हात धरून बसली आहे! वडिलांनी त्यांना शिकवलं होतं, पाऊस लांबला की रान स्वच्छ करून वरची माती मोकळी करायची, ओल टिकते. बायको हरली तर अण्णा गावभर सांगत फिरणार. आणि तिचं तोंड उतरलेलं तातेरावांना बघवलं नसतं.

एका सकाळी ते म्हणाले, "बाजाराला जाऊन येतो."

पिशवी घेतली, पण पाय ओढ्याकडच्या बाजूने कौसल्याबाईंच्या रानात वळले. खुरपं पिशवीतच होतं. भुसकट गोळा करून बांधापलीकडे टाकलं, तरोटा उपटला, माती मोकळी केली. दुपारपर्यंत ओढ्यापासून बोरीपर्यंत हातभर रुंदीचा एक स्वच्छ पट्टा तयार झाला. तूर मधोमध मोकळी उभी. तातेरावांना नव्या जावयासारखं वाटायला लागलं. बाकीचं उद्या करू, असं म्हणत ते घरी आले.

"बाजारातून काय आणलं?" कौसल्याबाईंनी रिकामी पिशवी झटकली. तिच्यातून तरोट्याचं एक पान खाली पडलं.

"लई महाग होता बाजार."

कौसल्याबाईंनी पान उचललं, चुलीत टाकलं. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून त्या रानात बसून राहिल्या, तिसऱ्या दिवशीही. तातेरावांचं बाकीचं काम राहूनच गेलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी अण्णासाहेब ट्रॅक्टर घेऊन आले. पाऊस अजून नव्हता. त्यांच्या सोयाबीनने माना टाकल्या होत्या. बांधावर चढून त्यांनी बहिणीचं रान पाहिलं. तूर ताठ, चवळी जमिनीवर पसरलेली, अंबाडी गुडघ्याच्या वर. सगळं हिरवं.

फक्त ओढ्यापासून बोरीपर्यंत हातभर रुंदीचा एक पट्टा करपून पिवळा पडला होता. दोरी लावल्यासारखा सरळ.

अण्णासाहेबांना हसू आवरेना. "दाजी! एवढं सरळ तास तालुक्यात एकालाच जमतं. हत्यार आत गेल्तं. आक्का हारली!"

पदराचं टोक बोटाला गुंडाळत कौसल्याबाई तूर पाहत राहिल्या. तातेरावांनी ते बोट पाहिलं आणि ते बांधावरून खाली उतरले.

"हो, मीच गेल्तो. खोटं कशाला बोलू? पण अण्णा, हिकडं ये. ह्यात बोट घाल." त्यांनी पट्ट्यातली माती दाखवली. ती राखेसारखी उडाली. "आन आता हितं." त्यांनी दोन पावलांवरचं भुसकट बाजूला सारलं. खाली काळी, गार माती, आणि एक गांडूळ घाईघाईने आत शिरलं. "वाळलं ते माझं हाये. हिचं कुठं वाळलंय, दाखव."

अण्णासाहेब उकिडवे बसून बराच वेळ बोटाने माती चाचपत राहिले. मग उठून आपल्या सोयाबीनकडे पाहिलं.

"आक्का, माझ्या एकराला भुसकट किती लागंल?"

"लागंल तेवढं ह्यांना वाहायला सांग. माझं बी बांधापलीकडं टाकलंय, ते पहिलं आणून टाकू दे. हातानं."

संध्याकाळी घरी खांदेमळणी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळतात, दुसऱ्या दिवशी त्यांना जू नाही, काम नाही. कौसल्याबाईंनी दोन्ही बैलांचे खांदे मळले, त्यांना उद्याच्या पुरणपोळीचं आवतण दिलं. वाटीत थोडं लोणी उरलं. दिवसभर भुसकट वाहून तातेराव ओट्यावर टेकले होते. कौसल्याबाईंनी त्यांची बंडी खांद्यावरून सरकवली आणि तेवढंच लोणी तिथे फासलं.

"हे काय?" तातेराव दचकले.

"बैलांचा पोळा एक दिवस. माझ्या रानात तुमचा वर्षभर."