मामाचा कान

"बाळ्या, पट्टा अजून आवळ!" मामा ओरडले. हल्ली ते सगळंच ओरडून बोलत.

"गिऱ्हाइकासमोर तरी बाळ्या म्हणू नकोस रे," भाचा पुटपुटला.

मामांना नुसते ओठ हललेले दिसले. त्यांनी मान डोलावली. मान डोलावली की माणसं पुढचं विचारत नाहीत, हे त्यांना वर्षभरात चांगलं कळलं होतं.

मोटरसायकल एका सिस्टरची होती. रात्रपाळी संपवून त्या गणवेशावरच हॉस्पिटलातून थेट इकडे आल्या होत्या. गाडी नवी, कंपनीतून निघाली तशी, एक नटसुद्धा बदललेला नाही. पण सर्व्हिसिंग झाल्यापासून ती पुलाच्या चढाला धापा टाकायला लागली. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, गाडी ठणठणीत आहे मॅडम, तुम्हाला भास होतोय. चालवणारी बाई असली की बिघाड आधी तिच्या डोक्यात शोधायचा, ही या लोकांची जुनी खोड. म्हणून सिस्टर गाडीची खरी हॉर्सपॉवर मोजून घ्यायला आल्या होत्या. आकडा हातात असला की तोंड वर करून बोलता येतं.

डायनो म्हणजे जमिनीत बसवलेला एक जड लोखंडी रोलर. पुढचं चाक अडकवायचं, गाडी पट्ट्यांनी जखडायची आणि मागचं चाक रोलरवर पळवायचं. गाडी तिथल्या तिथे शंभरच्या वेगाने धावते आणि तिचा दम पडद्यावर उमटतो. बंद खोलीत तो आवाज असा घुमतो की दात शिवशिवतात. म्हणून आत जाणारा प्रत्येकजण कानांवर जाड टोप्या चढवतो. एकटे मामा सोडून.

मामा उघड्या कानांनी उभे राहत. आवाज ऐकून इंजिनचं दुखणं सांगत, आणि ते खरं निघे. लांबलांबून लोक यायचे. भाच्याने तर दुकानाच्या पाटीवरच लिहून टाकलं होतं: 'तपासणी मशीनने आणि मामाने'. गिऱ्हाइकं त्यांचे उघडे कान कौतुकाने बघत. "मामा, टोपी घाला हो," असं एकाही शहाण्याने म्हटलं नाही. तमाशा फुकट बघायला मिळत असेल तर नाचणाऱ्याचे पाय कोण बघतो?

आधी घरातली कुकरची शिट्टी गेली. मग दाराची घंटा. मामी म्हणाली, "डाळ जळून कोळसा झाली, अन् तुम्ही शेजारी बसून पेपर वाचताय!" मामांनी तिलाही सांगितलं नाही. जाड, खर्जातले आवाज अजून यायचे. बारीक आवाज सगळे बुजले होते. रोज सकाळी खोलीत शिरताना वाटायचं, आज लोकांना कळेल. आज नक्की कळेल.

भाच्याने गाडी चौथ्या गिअरात टाकून मूठ पिळली. फरशी थरथरली. मामा डोळे मिटून, मान किंचित कलती करून उभे होते. आवाज ऐकताना ते असेच उभे राहत. आता फक्त तसं उभं राहणंच उरलं होतं. छातीत धडधडत होतं, ते इंजिन की आपण, हेही त्यांना नीट कळेना.

पडद्यावर आकडा आला. तेरा.

"कंपनी वीस सांगते!" सिस्टर ओरडल्या.

"ते नुसत्या इंजिनाचे, सिस्टर," भाच्याने गाडीवरूनच सांगितलं. "गिअर, चेन आपापला वाटा खातात. चाकावर सतरा यायला हवे. तेरा म्हणजे गडबड आहे." त्याने क्लच दाबला, इंजिन बंद केलं. मागचं चाक रोलरवर फिरतच होतं. त्याने मामांकडे बघून हनुवटी उडवली.

हा प्रश्न मामांना न ऐकता कळत असे. त्यांनी डोळे उघडले. काहीतरी सांगायला हवं होतं.

"पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन खोलावं लागेल."

सिस्टरनी एका कानावरची टोपी उचलली होती. "आणि ही शिट्टी कसली?"

"कसली शिट्टी?" तिच्या ओठांवरून शब्द जुळवत मामा म्हणाले.

"ही काय! केवढी कर्कश वाजतेय. रस्त्यावर हेल्मेटमध्ये कधी कळली नाही."

भाच्याने टोप्या काढल्या. इंजिन बंद होतं आणि फिरत्या चाकाची चीं अशी लांबलचक शिट्टी खोली कापत होती. मागचा ब्रेक चिकटला होता. पॅड डिस्कला घासत होते, दम खात होते. रस्त्यावरच्या कुणालाही ऐकू आलं असतं. मामा शांत खोलीत उभे होते आणि दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते.

सिस्टरनी त्यांच्यासमोर येऊन सावकाश विचारलं, "काका, तुम्हाला ऐकू येत नाही ना?" वॉर्डात असे मान डोलावणारे त्यांना रोज भेटत.

मामांची मान हलली नाही.

"मामा?" भाचा गाडीवरून उतरला. त्याचा चेहरा उतरत गेला. "मागच्या महिन्यातली ती निळी गाडी... इंजिन खोललं आपण. आत काहीच सापडलं नव्हतं. त्या आधीची पण..."

ही वाक्यं मामांना ओठांवरून अख्खी वाचता आली. "तेव्हा विचारलं का नाहीस?" ते म्हणाले.

भाच्याने नजर फिरवली. इंजिन खोललं की दुकान चालतं. विचारणार कशाला?

त्याने ब्रेक सोडवला, पिना साफ करून ग्रीस लावलं. दुसऱ्यांदा गाडी पळवली. सतरा आणि वर थोडं. सिस्टर हसल्या, पडद्याचा फोटो काढला, "आता बघतेच त्यांच्याकडे," म्हणाल्या. मग भाचा मामांसमोर उभा राहिला आणि एकेक शब्द सुटा करून बोलला, "उद्यापासून तू बाहेर काउंटरवर बस."

"निळ्या गाडीवाल्याचा पत्ता दे आधी," मामा म्हणाले. "मी जाऊन सांगतो."

"वेडा झालास का? दुकान बुडवशील."

"पत्ता दे."

भाच्याने दिला नाही. मामा फाटकाशी जाऊन उभे राहिले. उन्हाने डोळे चुरचुरत होते. सिस्टर गाडी घेऊन आल्या, हेल्मेट घातलेल्या, काच खाली. आतून त्या काहीतरी बोलल्या. मामांची मान सवयीने हलायला लागली. त्यांनी ती थांबवली.

"पुन्हा बोला," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

शेजारच्या पंक्चरवाल्याने वळून बघितलं. आतून भाच्यानेही.

सिस्टरनी काच वर केली. "म्हटलं, जरा बाजूला व्हा. गाडी वळवायचीय."

मामा बाजूला झाले.