शारजात रोज पावणेसातला पाऊस

मित्रांनो, मी एक जुना, तोंडाळ हवामानमापक आहे. अल मजाजमध्ये अकराव्या मजल्यावरच्या बाल्कनीच्या कठड्याला मला बांधून ठेवलंय. ऊन, वारा, पाऊस मोजायचा आणि आतल्या छोट्या पडद्यावर आकडा पाठवायचा, एवढंच माझं काम. मला डोळे नाहीत, त्यामुळे मला सगळ्यांचाच संशय येतो.

पुण्याचे विजयकुमार मला घेऊन आले तेव्हा माझं काय कौतुक होतं! ऑफिसात ते माझे आकडे ऐकवायचे. मग माझं वय झालं. पंख्यात धूळ बसून वारा शून्यावर अडकला, त्यांनी ती ब्रशने काढली. सेल संपले, ते बदलले. या मे महिन्यात मी सत्तावन्न अंश दाखवले तेव्हा मात्र ते म्हणाले, "याचं डोकं फिरलंय." शेजारचं एसीचं मशीन माझ्या तोंडावर गरम वारा सोडत होतं, हे त्यांच्या मुलीने, ईशानीने ओळखलं. मग मला पूर्वेच्या कोपऱ्यात हलवलं. जिवात जीव आला.

पण दुसऱ्याच दिवशी सकाळी पावणेसातला माझ्या पोटातली चिमुकली पळी पाण्याने भरली आणि कलली. पडद्यावर आकडा गेला: पाऊस, अर्धा मिलिमीटर. आभाळात ढगाचं नाव नव्हतं म्हणे. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही तेच.

"खोटारडा झालाय," विजयकुमार म्हणाले. मला आधी पारव्यांचा संशय आला, मग लादी पुसणाऱ्या सुहासिनीबाईंचा, म्हणजे विजयकुमारांच्या बायकोचा. विजयकुमारांना आला वरच्या युसुफभाईंचा. ते तडक वर गेले आणि म्हणाले, "भाई, आपके एसी का पानी हमारे मशीन में गिरता है."

"विजयभाई, मेरा पाइप तो बाथरूम में उतरता है. आके देख लो."

विजयकुमार काही बघायला गेले नाहीत. त्या दिवसापासून युसुफभाईंनी लिफ्टमध्ये बोलणं सोडलं, असं सुहासिनीबाई सांगत होत्या. इतक्या वर्षांचा शेजार माझ्यापायी तुटला, याचं मला फार वाईट वाटलं. शेवटी मला माझाच संशय येऊ लागला.

"शुक्रवारी सकाळी परत पाऊस दाखवला, तर खलास. कचऱ्याच्या खोलीत," विजयकुमारांनी बजावलं.

गुरुवारी ईशानी पडद्यावरचे जुने आकडे चाळत बसली. "पप्पा, ट्यूसडे अँड वेन्सडे इट्स झीरो. यू वर इन अबू धाबी."

"म्हणजे मी नसलो की तुम्ही याला झाकून ठेवता!"

सुहासिनीबाई शांतपणे म्हणाल्या, "उद्या तुम्ही रोजचं करा. ईशानी आत पडद्यापाशी बसेल."

शुक्रवार उजाडला. विजयकुमार अंघोळ करून बाल्कनीत आले. खाली पाणी पडलं तर वॉचमन ओरडतो, म्हणून त्यांनी समोर बादली ठेवली. तांब्या कपाळापर्यंत उचलला म्हणे, सूर्याचं नाव घेतलं आणि अर्घ्य सोडलं. खाडीवरून वारा आला. निम्मी धार बादलीत गेली, निम्मे शिंतोडे माझ्या तोंडात. पळी भरली. कलली.

आतून ईशानीचा आवाज आला, "पप्पा, इट्स रेनिंग."

मग सुहासिनीबाई फिसकन हसल्या. विजयकुमारांनी तांब्या खाली ठेवला आणि मला वीतभर बाजूला सरकवलं. चप्पल घालता घालता म्हणाले, "वर जाऊन येतो. पाइप नाही बघायचा. माफी मागायचीय."

तर मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखा कोणी असेल. त्याची धूळ पुसा, सेल बदला, त्याला एसीपासून लांब ठेवा. आणि तो भलतंच काही सांगू लागला, तर वरच्या मजल्यावर भांडायला जाण्याआधी एकदा आपल्या हातातला तांब्या बघा.